खाऱ्या माशाचं देऊळ : प्राचीन चीनमधली अमान्य दैवतं आणि कन्फ्यूशियसपंथीयांचा राग

दौतटाक

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, चीनमध्ये हान घराण्याचं राज्य मोडकळीला आलं असताना, यिंग शाओ नावाच्या एका अधिकाऱ्याने लोकांच्या चालीरीतींवर ग्रंथ लिहिला. त्यातलं एक प्रकरण विचित्र देवांबद्दल आहे. त्यातल्या दोन हकीकती माझ्या डोक्यातून जाता जात नाहीत, म्हणून हा धागा.

पहिली अशी. एका माणसाने रानात फास लावला होता, त्यात हरीण अडकलं. तो यायच्या आत व्यापाऱ्यांचा दहाबारा गाड्यांचा तांडा तिथून चालला होता. त्यांनी हरीण काढून घेतलं, पण फुकट न्यायला मन धजेना, म्हणून आपल्याजवळचा एक खारा मासा त्या जागी ठेवून ते पुढे गेले. मालक येऊन बघतो तर हरीण नाही, मासा! आसपास वस्ती नाही, रहदारी नाही, खारवलेला मासा येईल कुठून? त्याने हात जोडले. ही गोष्ट कानोकान गेली. लोक दुखणी घेऊन येऊ लागले, काहींना गुण आला. देऊळ उभं राहिलं, कित्येक भगत येऊन राहिले, पडदे लागले, घंटा आणि नगारे वाजू लागले. शेकडो ली (अंतराचं चिनी माप) अंतरावरून माणसं नवस बोलायला येत. काही वर्षांनी तोच व्यापारी त्या वाटेने परत आला. देवळाची चौकशी केली आणि म्हणाला, हा तर माझा मासा, यात देव कसला? आत गेला, मासा उचलून घेतला. देऊळ तिथेच मोडलं.

दुसरी हकीकत रस्त्याकडेच्या एका थडग्यापुढच्या दगडी पुतळ्याची आहे. बाजाराहून येणारी एक बाई उन्हाने दमून पुतळ्याच्या सावलीत टेकली आणि उठताना पिठाचा एक वडा तिथे विसरली. कुणी तरी विचारलं, हा वडा इथे कसा? दुसऱ्याने गमतीत सांगून टाकलं, पुतळा दुखणी बरी करतो, बरं झालेल्याने तो वाहिलाय. झालं. डोकं दुखणारा पुतळ्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि तोच हात स्वतःच्या डोक्यावरून. पोट दुखणारा पुतळ्याच्या पोटावरून, मग स्वतःच्या. काही वर्षं हे चाललं. शेवटी वडा विसरलेल्या बाईच्या कानावर गेलं आणि तिनेच खरं काय ते सांगितलं.

अशा पूजेला चिनी ग्रंथांत 'यिन्-स' म्हणतात. 'स' म्हणजे पूजा, नैवेद्य, बळी. 'यिन्' या शब्दाचा पुढे 'अश्लील' असाही अर्थ झाला, म्हणून काही भाषांतरांत 'व्यभिचारी पूजा' असलं काही वाचायला मिळतं आणि भलताच समज होतो. मूळ अर्थ पाण्याशी जोडलेला आहे, काठ सोडून पसरणं, अति होणं. संततधार पावसालाही हाच शब्द लागतो. तेव्हा यिन्-स म्हणजे काठ सोडलेली पूजा. 'ली-ची' या विधिग्रंथात व्याख्या अगदी थोडक्यात आहे: ज्याची पूजा आपण करायची नाही त्याची केली तर ती यिन्-स, आणि यिन्-स केल्याने काही कल्याण होत नाही.

आता माझं म्हणणं. कन्फ्यूशियसपंथीय विद्वानांनी या पूजेवर हजार-दीड हजार वर्षं टीका केली, ती बहुतेक वेळा 'देव नाहीत' म्हणून केलेली नाही. त्यांचा प्रश्न अधिकाराचा होता, कुणी कुणाला पुजायचं याचा. स्वर्ग आणि पृथ्वी सम्राटाने पुजायची. मांडलिक राजाने आपल्या मुलखातले डोंगर आणि नद्या. त्याखालच्या अधिकाऱ्यांनी घरातल्या ठराविक देवता. आणि साध्या माणसाने? ली-चीच्या यज्ञविधींच्या प्रकरणात त्याला, पितर सोडले तर, एकच पूजा दिली आहे, घराचं दार किंवा चूल, दोहोंपैकी एक.

पोटदुखीने हैराण झालेली बाई चुलीकडे किती वेळा जाईल? पुतळ्याच्या पोटावरून हात फिरवणाऱ्या त्या माणसांना मी मूर्ख म्हणू शकत नाही. त्यांना जायला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती.

तुमचं काय मत?

सांजवात

छान धागा. पण एक शंका. 'भुताखेतांचा आणि देवांचा मान ठेवा, पण त्यांच्यापासून लांब राहा' हे कन्फ्यूशियसचंच वाक्य ना? मग तो बुद्धिवादी होता असं आम्ही आजवर धरून चालत होतो. तुम्ही म्हणता भांडण अधिकाराचं होतं. याला आधार काय?

दौतटाक

सांजवात, वाक्य त्याचंच आहे, त्याच्या वचनांचा संग्रह असलेल्या 'लुन-यू'मधलं. पण त्याच ग्रंथात हेही आहे: जो आत्मा आपला नाही त्याला बळी देणं म्हणजे खुशामत. 'आपला नाही' या शब्दांवर सगळा भर आहे. आपल्या पितरांना द्या, जरूर द्या. दुसऱ्याच्या पितराला काही मिळावं म्हणून ओवाळणं ही लाळघोटी.

दोन दाखले देतो. लू राज्यात ची घराणं फार बलाढ्य झालं होतं, पण होतं मंत्र्याचंच घराणं. त्यांच्या प्रमुखाने थाय पर्वताला बळी द्यायचं ठरवलं. तो मान लूच्या राजाचा. कन्फ्यूशियसने त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या आपल्या शिष्याला, रान योला विचारलं, तुला हे थांबवता येत नाही? तो म्हणाला, नाही येत. त्यावर कन्फ्यूशियस हळहळला: म्हणजे थाय पर्वताला लिन फांगइतकंही कळत नाही असं समजायचं का? लिन फांग म्हणजे विधींचा गाभा काय असं विचारणारा एक साधा माणूस. पर्वताला कळत नसेल का, की हा बळी चुकीच्या हातातून आलाय? हे वाक्य पर्वताला जाण आहे असं धरूनच बोललेलं आहे.

दुसरा दाखला मला जास्त आवडतो. छू राज्याचा राजा चाओ आजारी पडला. कौल लावणारे म्हणाले, पीत नदीचा कोप आहे, तिला बळी द्या. राजाने नकार दिला. म्हणाला, पूर्वीच्या तीन राजवंशांनी घालून दिलेला नियम आहे, पूजा आपल्या हद्दीपलीकडे जात नाही. आमच्या नद्या यांगत्से, हान, च्यू आणि चांग. मी गुणी नसेन, पण पीत नदीचा मी अपराध केलेला नाही. 'त्सो-च्वान' या जुन्या बखरीत इ.स.पू. ४८९ च्या नोंदीत राजाच्या मृत्यूबरोबर हे दिलं आहे, आणि पुढेच कन्फ्यूशियसची शाबासकी आहे की या राजाला मोठा मार्ग कळला होता.

अंथरुणाला खिळलेला माणूस हद्दीबाहेरच्या नदीला हात जोडत नाही. यात मला भक्तीच दिसते, फक्त तिला काठ आहे.

पाटकरी

मी पाटबंधाऱ्यांत आयुष्य काढलं, म्हणून मला शीमन पाओ आठवल्याशिवाय राहत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो.

इ.स.पू. पाचव्या शतकात वेई राज्याच्या वन नावाच्या राजाने शीमन पाओला ये नावाच्या गावी अधिकारी म्हणून पाठवलं. गाव चांग नदीच्या काठी. लोक कंगाल. विचारलं तर म्हणाले, नदीच्या देवाला दरवर्षी नवरी द्यावी लागते. गावचे वडीलधारे आणि अधिकारी त्या नावाने वर्षाला लाखो नाणी गोळा करायचे. त्यातली दोन-तीन लाख लग्नावर घालायची, उरलेली भगतिणींबरोबर वाटून घ्यायची. गरिबाघरची देखणी पोरगी निवडायची, न्हाऊमाखू घालायची, नवं रेशीम नेसवायचं, काठावर मांडव घालून दहाबारा दिवस ठेवायची. मग बाजेसारख्या तराफ्यावर बसवून नदीत सोडायची. काही अंतर तरंगून तो बुडायचा. ज्यांच्या घरी मुली होत्या ते गाव सोडून पळत.

शीमन पाओ म्हणाला, लग्नाला मला बोलवा. मुख्य भगतीण सत्तर वर्षांची, मागे दहा शिष्या. मुलीला पाहून तो म्हणाला, ही काही देखणी नाही, देवाला सांगा की चांगली मुलगी शोधून दोन दिवसांनी पाठवतो. आणि निरोप घेऊन जायला त्या म्हातारीलाच नदीत टाकलं. थोडा वेळ गेला. बाई का येत नाही, बघून ये म्हणून एक शिष्या. मग दुसरी, तिसरी. बायकांना नीट सांगता येत नसेल म्हणून मग गावचा वडीलधारा. स्वतः मात्र नदीकडे तोंड करून, कमरेत वाकून, अदबीने उभा. बाकीचे जमिनीवर कपाळ आपटू लागले, रक्त आलं. त्यानंतर ये गावात नदीच्या लग्नाचं कुणी नाव काढलं नाही.

पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याने लोकांना कामाला लावून बारा कालवे काढले आणि नदीचं पाणी शेतात आणलं. नुसतं देऊळ बंद करून तो थांबला नाही. नदीची भीती होती, तिचं पाणी करून दाखवलं. दौतटाक, 'जायला दुसरी जागा नव्हती' असं तुम्ही म्हणालात. या माणसाने ती जागा दिली.

दौतटाक

पाटकरी, मनापासून आभार. फक्त दोन गोष्टी जोडतो. ही हकीकत 'श-ची' या जुन्या इतिहासग्रंथात आहे, पण मूळ ग्रंथकाराने लिहिलेली नाही, छू शाओसुनने इ.स.पू. पहिल्या शतकात घातलेली आहे, म्हणजे घटनेनंतर तीनेकशे वर्षांनी. आणि 'हान-शू' या हान घराण्याच्या इतिहासात त्या कालव्यांचं श्रेय शीमन पाओला नसून नंतरच्या श छी या अधिकाऱ्याला दिलं आहे. कालवे होते, ते कुणी काढले यावर जुन्यांचंच एकमत नव्हतं.

पाटकरी

श छीचं माहीत होतं. कालवा एकाच्या हयातीत पुरा होत नाही, दोघांचाही हात असेल. मी आखणीपासून पाणी सुटेपर्यंत तीन वरिष्ठ बदललेले पाहिलेत.

तिन्हीसांजा

मला जरा वेगळं बोलायचं आहे, आणि रागावून बोलते आहे असं वाटलं तर वाटू दे.

या सगळ्या हकीकती कुणी लिहिल्या? अधिकाऱ्यांनी. त्यात भगतीण नेहमी लबाड, अधिकारी नेहमी हुशार. सत्तर वर्षांच्या म्हातारीला आणि तीन मुलींना नदीत बुडवलं, तेही चौकशीशिवाय, आणि आपण दोन हजार वर्षं शीमन पाओचं कौतुक करतो आहोत. त्या तीन शिष्या कोण होत्या? कदाचित त्याही गरिबाघरच्या पोरीच. पैसे वाटून घेणाऱ्यांत सरकारी माणसं होती, त्यांच्यातला एकही पाण्यात गेला नाही. ते कपाळ आपटून सुटले.

त्यापेक्षा मला सुंग च्युन आवडतो. इ.स. पहिल्या शतकात तो च्यूच्यांगचा प्रशासक होता. तिथे दोन डोंगरांची पूजा चालायची आणि भगत लोक गावातली मुलंमुली निवडून डोंगराचे नवरे आणि बायका म्हणून लावून द्यायचे. एकदा डोंगराशी लग्न लागलं की त्यांना कुणाशी लग्न करता येत नसे. आधीच्या अधिकाऱ्यांची हात घालायची छाती झाली नव्हती. सुंग च्युनने हुकूम काढला: यापुढे डोंगराला नवरा-बायको द्यायची तर भगतांच्या घरातलीच द्यावी, गरीब रयतेला त्रास देऊ नये. प्रथा बंद पडली. कुणी मेलं नाही.

दौतटाक

तिन्हीसांजाताई, तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि मी मूळ लेखात हे लिहायला हवं होतं. आपल्याकडे उरले आहेत ते एकाच बाजूचे कागद. मासा-देवाच्या भगतांनी काही लिहून ठेवलेलं नाही.

पण त्या एका बाजूच्या कागदांतही खर्चाची काळजी सतत दिसते आणि ती मला खरी वाटते. क्वैचीमध्ये, आजच्या शाओशिंगकडे, लोक देवाला बैल कापायचे. जो बैलाचं मांस देवाला न दाखवता खाईल तो आजारी पडून मरायच्या आधी बैलासारखा हंबरतो असा धाक होता. नांगराचा बैल देवाला गेला की शेत पडीक. इ.स. ५३ च्या सुमारास तीवू लुन तिथे प्रशासक झाला. देवाच्या नावाने धाक घालणाऱ्यांवर खटले, विनाकारण बैल कापणाऱ्याला शिक्षा. लोक आधी घाबरले, काहींनी शिव्याशापही दिले. त्याने हुकूम ढिला केला नाही, हळूहळू ते थांबलं आणि लोकांना स्वस्थता आली असं नोंदलं आहे.

सांजवात

म्हणजे कारण पैसा?

दौतटाक

पैसा, आणि बंडाची भीती. दुसरं कारण कमी बोललं जातं. छंगयांगचा राजा ल्यू चांग याची गोष्ट घ्या. इ.स.पू. १८० मध्ये हान घराण्याची सत्ता हातात घेतलेल्या लू राणीच्या माहेरच्यांचा पाडाव करण्यात याचा मोठा वाटा. पुढे तो तरुणपणीच वारला आणि शानतुंगकडे त्याची देवळं झाली. राज्य वाचवणाऱ्याची पूजा ली-चीला मान्यच आहे: ज्याने लोकांना कायदा दिला, जो कर्तव्य करताना मेला, ज्याने मोठं संकट टाळलं, त्याला पूजा द्यावी. मग याची पूजा काठाबाहेर कधी गेली?

इ.स. २५ मधली गोष्ट. 'लाल भुवया' म्हणून ओळखले जाणारे बंडखोर शेतकरी याच भागातून उठलेले होते. त्यांच्या छावणीतला भगत सतत ढोल बडवून, नाचून छंगयांगच्या राजाला आळवायचा. एके दिवशी तो अंगात आल्यासारखा ओरडला, राजा संतापलाय, म्हणतो तुम्ही सम्राट व्हायचं सोडून दरोडेखोर काय होता? जे भगताला हसले ते आजारी पडले म्हणे. मग त्याच राजाच्या वंशातली तीन माणसं शोधली आणि चिठ्ठ्या टाकल्या. दोन कोऱ्या, एकीवर पद लिहिलेलं. लिहिलेली निघाली ल्यू फनत्सला, वय १५. छावणीत गुरं राखायचा. अनवाणी, केस सुटलेले, कपडे फाटके. सगळे सरदार पाया पडताहेत हे पाहून त्याला घाम फुटला, रडू यायला लागलं. त्याने ती लाकडी चिठ्ठी दातांनी मोडली आणि टाकून दिली. तरी त्याला सम्राट केलं.

हे आठवणारा कोणताही अधिकारी त्या देवळांकडे निवांत बघू शकणार नव्हता. इ.स. १८४ नंतर तरुण त्साओ त्साओ, जो पुढे मोठा सत्ताधीश झाला, शानतुंगमधल्या चीनानला नेमला गेला तेव्हा एकट्या चीनान भागात या राजाची ६०० हून जास्त देवळं होती. व्यापारी मोठ्या अधिकाऱ्यांसारखे रथ आणि पोशाख घेऊन मिरवणुका काढायचे, खर्चाने रयत बुडत होती. त्याने सगळी पाडली.

आता यिंग शाओ बघा, पहिल्या दोन हकीकती सांगणारा. तोही त्याच मुलखात अधिकारी होता. त्याने हुकूम काढला: वर्षातून दोनदा पूजा करा, पण बैल कापायचा नाही, लांबून नाच-गाणेवाले आणायचे नाहीत, वाड्यावस्त्यांवर वर्गणी लादायची नाही. देव ठेवला, फक्त काठ बांधला. या सगळ्या मंडळींत मला तो सर्वांत जवळचा वाटतो.

गोदाकाठ

आकड्यांची थोडी भर. इ.स.पू. ३१ मध्ये मंत्री ख्वांग हंग आणि त्याच्या सहकाऱ्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या पूजास्थानांची छाननी केली. ६८३ ठिकाणं होती. विधींत बसणारी किंवा ज्यांबद्दल शंका आहे अशी २०८ ठेवली, ४७५ बंद करायला सांगितली. म्हणजे पहिली मोठी झाडाझडती राजवाड्याच्याच देवांची झाली. कानछ्युआन इथल्या राजवाड्यातली सम्राटाची मोठी पूजा बंद केली त्या दिवशी वादळ झालं, तिथला बांबूचा वाडा पडला, मोठमोठी शंभरावर झाडं उन्मळली. सम्राट हादरला. ल्यू श्यांग या विद्वानाला विचारलं, तर तो म्हणाला, साधा गृहस्थसुद्धा घरची पिढीजात पूजा तोडायला धजत नाही, ही तर राज्याची. सम्राटाला वारस होत नव्हता. पुढे जवळजवळ निम्म्या पूजा परत सुरू झाल्या.

ल्यू श्यांगही कन्फ्यूशियसपंथीच, हे लक्षात घ्या. त्यांच्यात एक मत कधीच नव्हतं.

आणि हानांचं सिंहासन बळकावणारा वांग मांग, जो स्वतःला सगळ्यांपेक्षा शुद्ध समजायचा, त्याच्या कारकिर्दीच्या शेवटी १,७०० पूजास्थानं झाली होती. बळीला लागणारी जनावरं पुरेनात, तेव्हा बदकाऐवजी कोंबडी आणि हरणाऐवजी कुत्रा चालवून घ्यायची वेळ आली.

पुढे इ.स. २२४ मध्ये त्साओ त्साओचा मुलगा, सम्राट त्साओ पी याने अशा पूजांना आणि भगतांच्या वचनांना कायद्यानेच गुन्हा ठरवलं. थांग काळात इ.स. ६८८ मध्ये दी रेनच्ये या अधिकाऱ्याने दक्षिणेत १,७०० देवळं पाडली, फक्त चौघांची ठेवली. त्यात पूर ओसरवणारा यू. याच भागात ८२३ च्या सुमारास ली दयू या अधिकाऱ्याने पुन्हा हजारावर पाडली. मधल्या १३५ वर्षांत ती आली कुठून, हाच तर दौतटाक यांचा मुद्दा.

समुद्रपक्षी

मी सिंगापूरला असते. तलोक आयर रस्त्यावर थ्येन हॉक केंग देऊळ आहे, १८४२ साली पुरं झालेलं. देवी मात्सू. ऑफिसातून येताना मी कधीकधी उंबऱ्यापर्यंत जाते. उंबरा उंच आहे, पाय उचलून ओलांडावा लागतो, आत उदबत्तीच्या धुराने खांब दिसेनासे होतात. पूर्वी समुद्र अगदी दारापर्यंत होता, दक्षिण चीनहून आलेले लोक जहाजातून उतरले की आधी इथे यायचे.

हा धागा वाचून शोध घेतला. मात्सू म्हणजे फूच्येनच्या किनाऱ्यावरची लिन आडनावाची एक मुलगी. राजघराण्यातली नाही, पराक्रमी सेनापती नाही. व्याख्येप्रमाणे अगदी काठाबाहेरची. मग ११२३ मध्ये कोर्याला गेलेल्या सरकारी जहाजांचा तांडा वादळातून वाचला, श्रेय तिला दिलं गेलं आणि सुंग सम्राटाने तिच्या देवळाला नावाचा फलक दिला. फलक आला की देऊळ अधिकृत. आमच्या इथल्या देवळालाही १९०७ साली चिंग सम्राटाकडून चार अक्षरांचा लेख आला होता, दक्षिण समुद्रावर लाटा शांत असोत अशा अर्थाचा.

मला हे वाचून भरून आलं. माणसं आधी गेली तिच्याकडे, दरबार मागून आला.

दौतटाक

समुद्रपक्षी, हा प्रतिसाद आला नसता तर धागा अपुरा राहिला असता. सुंग काळात ही फलकांची पद्धत फार पसरली. गावाने अर्ज करायचा, देवाने काय काय केलं ते लिहायचं, अधिकाऱ्यांनी तपासायचं, मग दरबारातून नाव यायचं. पण त्याच काळात, ११११ मध्ये, राजधानीतली १,०३८ देवळं पाडलीही. फलक देणारा आणि पाडायला लावणारा सम्राट एकच, ह्वेत्सुंग.

तिन्हीसांजा

एक विचारायचं राहिलं. शीमन पाओचं पुढे काय झालं? त्या नदीकाठी काही उरलं का?

दौतटाक

ताई, त्याचंच देऊळ झालं. ये गावाजवळ. त्याने लोकांची मोठी पीडा टाळली होती, त्यामुळे ली-चीप्रमाणे ते मान्य होतं.

चीनानची ६०० देवळं पाडणाऱ्या त्साओ त्साओने म्हातारपणी, इ.स. २१८ मध्ये, आपल्या थडग्याची जागा ठरवली ती शीमन पाओच्या देवळाच्या पश्चिमेच्या माळावर. आनयांगजवळ सापडलेलं त्याचं थडगं २००९ मध्ये जाहीर झालं, त्या वेळी जागा पटवताना या हुकुमाचा आधार घेतला गेला.

देऊळ पुढे तीनशे वर्षं तरी होतं. लोक आणि राजे तिथे पाऊस मागायला जायचे. इ.स. ५५८ च्या उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला. उत्तर छी घराण्याच्या सम्राटाने तिथे पाऊस मागितला. पाऊस आला नाही. त्याने देऊळ पाडायला लावलं आणि शीमन पाओची कबर खणून काढली.